आरोग्य : आपल्या गेटच्या आतलं आणि बाहेरचं

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं करून दिलं आहे.)



पंचवीस वर्षं झाली. आधीच्या वक्त्यांनी आपल्या सोसायटीने काय काय केलं ते छान सांगितलं. बोअर मारला, लिफ्ट बदलली, रंग दिला, गच्चीवर सोलर बसवलं, गेटला कॅमेरे लागले. ही सगळी कामं डोळ्यांना दिसणारी आहेत आणि ती करणाऱ्यांचे आभार मानायलाच हवेत. मला मात्र कमिटीने दुसराच विषय दिला : 'आरोग्य आणि आपली सोसायटी'. मी ३४ वर्षं परिचारिका म्हणून सरकारी नोकरी केली, त्यामुळे हा विषय माझ्या गळ्यात पडणारच होता. सेक्रेटरी म्हणाले, "ताई, पंधरा मिनिटं बोला, आणि बीपी-शुगरवर जरा सांगा." बीपी-शुगरवर सांगणार आहेच. पण त्याआधी पाण्यावर बोलते.

आपल्या सोलापुरात आरोग्याची सुरुवात नळापासून होते. उजनीचं पाणी कुठून कुठून येतं बघा. भीमेवरच्या धरणातून शंभराहून जास्त किलोमीटरची जलवाहिनी, मग पाकणीचं जलशुद्धीकरण केंद्र. दुसरीकडे नदीतून सोडलेलं पाणी टाकळीला उचलायचं आणि सोरेगावला शुद्ध करायचं. आणि तिसरं आपल्या अगदी शेजारचं, भवानी पेठेतलं केंद्र, जिथं हिप्परग्याच्या तलावाचं पाणी येतं. तो एकरुख तलाव तर इंग्रजांच्या काळातला, दीडशे वर्षांपूर्वीचा. एवढं सगळं असूनही नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांआड. समांतर जलवाहिनीचं नाव आपण किती वर्षं ऐकत आलो, ते इथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

आता चार-पाच दिवसांआड पाणी म्हणजे काय? म्हणजे साठवण. आपल्या सोसायटीत खाली हौद, वर टाक्या. मागच्या वस्तीत प्लास्टिकची निळी पिंपं, घागरी, बादल्या, सिमेंटचे रांजण. साठवण ही कुणाची चैन नाही, ती गरज आहे. पण ज्या डासामुळे डेंग्यू होतो, तो एडिस डास नेमका अशाच पाण्यावर जगतो. त्याला गटार लागत नाही. त्याला स्वच्छ, साठवलेलं, न हललेलं पाणी लागतं. म्हणून "आमच्याकडे स्वच्छता आहे, आम्हाला काय होतंय" हे म्हणणं या डासापुढे चालत नाही.

याचं चक्र मुलांनी नीट लक्षात ठेवा, परीक्षेलाही उपयोगी पडेल. मादी भांड्याच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर अंडी घालते. पाणी वर चढलं की अंडी फुटतात, अळ्या होतात, मग कोष आणि साधारण आठ-दहा दिवसांत नवा डास. ही अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. म्हणून पिंप नुसतं ओतून भागत नाही, आतून घासावं लागतं. आणि हे काम आठवड्यातून एकदा करायचं, कारण आठवड्याच्या आत अळीचा डास होऊ दिला नाही की चक्र तुटतं. 'कोरडा दिवस' म्हणतात तो एवढ्यासाठी. धूर फवारला की बरं वाटतं, पण धुराने फक्त उडणारा डास मरतो. पाण्यातल्या अळीला त्याचा पत्ताही नसतो.

आणखी एक गोष्ट. हा डास फार लांब उडत नाही. साधारण शे-दोनशे मीटरच्या टापूत त्याचा संसार. आपल्या गेटपासून मागच्या वस्तीतल्या शेवटच्या घरापर्यंत अंतर तेवढंच भरेल. म्हणजे या डासाच्या हिशोबाने आपली तीन विंग आणि मागची वस्ती मिळून एकच सोसायटी आहे. मधली भिंत आपण बांधली, पण डासाने त्या नकाशावर सही केलेली नाही.

तीन वर्षांपूर्वीचा श्रावण आठवा. बी विंगमध्ये एकापाठोपाठ एक तीन घरांत ताप. मग सी विंगमधली एक शाळकरी मुलगी दवाखान्यात. प्लेटलेट्स खाली गेल्या, आई-वडिलांची झोप उडाली. त्याच आठवड्यात आपल्याकडे चार घरी काम करणाऱ्या मावशींची मुलगीही तापाने आजारी पडली. दोघी एका वयाच्या. आपली मुलगी पाचव्या दिवशी घरी आली. दुसरीही वाचली, देवाची कृपा. पण तिच्या आईची बारा दिवसांची मजुरी बुडाली आणि रक्ताच्या तपासण्यांसाठी घेतलेलं उसनं फेडायला दिवाळी उलटली. ताप एक, डास एक, पण त्याची किंमत दोन घरांत दोन वेगळी.

त्या वेळी आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काय लिहिलं गेलं ते मी वाचून दाखवणार नाही. सगळ्याचा सूर एकच होता : डास मागून येतात, महापालिकेला सांगून वस्तीत फवारणी करून घ्या. मग आपल्या भागातल्या आशाताई, इथलेच दोन कॉलेजचे मुलगे आणि मी असे चौघं टॉर्च घेऊन निघालो. वस्तीतल्या पिंपांत अळ्या होत्या, खोटं कशाला सांगू. पण आपल्याकडे कुठं सापडल्या ऐका. गच्चीवर झाकण तडकलेल्या टाकीत. उन्हाळा संपल्यावर बाल्कनीत तसाच ठेवलेल्या कूलरच्या ट्रेमध्ये. फ्रिजच्या मागच्या पाणी साठणाऱ्या तबकात. मनी प्लँटच्या बाटलीत. वॉचमनच्या खोलीमागे पडलेल्या जुन्या टायरमध्ये. आणि सगळ्यात जास्त, बी विंगच्या लिफ्टखालच्या खड्ड्यात. पावसाचं पाणी झिरपून तिथं गुडघाभर साठलं होतं आणि टॉर्च मारला तर पाणी नुसतं वळवळत होतं. ज्या तीन घरांत पहिला ताप आला, ती तिन्ही बी विंगचीच. आता तो खड्डा कुणाच्या मालकीचा? वस्तीचा नाही, महापालिकेचा नाही. आपल्या सगळ्यांचा, म्हणून कुणाचाच नाही.

खड्डा उपसला, टाकीला झाकण बसलं. आशाताईंनी वस्तीतल्या बायकांना गोळा करून पिंपं घासून घेतली, मोठ्या हौदात गप्पी मासे सोडले, पिंपांना जुन्या साड्यांचे पदर बांधून घेतले. महापालिकेचे कर्मचारी येऊन जिथं पाणी काढता येत नव्हतं तिथं अळीनाशक टाकून गेले. पुढच्या काही आठवड्यांत नवा ताप निघाला नाही. त्याचं सगळं श्रेय आपलंच, असं मी म्हणणार नाही. पाऊसही ओसरला होता. पण एक मात्र झालं, त्या पंधरा दिवसांत सोसायटी, वस्ती, महापालिका आणि आशाताई पहिल्यांदाच एकमेकांशी भांडणाशिवाय बोलले.

आणि दिवाळीनंतर ते थांबलं. कारण ती मोहीम होती. सवय झाली नव्हती.

मोहिमेची सवय कशी होते, याचं उदाहरण आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात आहे. जामखेड. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे डॉक्टर नवरा-बायको तिथं आले. वेल्लोरला शिकलेले, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलेले. दवाखाना काढून बसले असते तरी पेशंटची रांग लागली असती. पण त्यांनी गावात जाऊन आधी विचारलं, तुम्हाला काय पाहिजे? लोक म्हणाले, पाणी आणि खायला. दुष्काळाचे दिवस होते ते, १९७२ चा दुष्काळ तोंडावर होता. मग आरोग्याचं काम सुरू झालं ते बोअरवेलपासून. आणि त्या बोअरवेल त्यांनी दलित वस्तीत घेतल्या, म्हणजे गावाला पाण्यासाठी तिथं यावंच लागे. पाणी भरता भरता शिवाशिवीची एक गाठ सैल झाली. याला म्हणतात आरोग्याचं काम.

सुरुवातीला त्यांनी शिकलेल्या नर्सेस गावोगाव पाठवल्या. ते जमलं नाही. मी स्वतः नर्स आहे, म्हणून मला हे समजतं. बाहेरून आलेली, गणवेशातली, संध्याकाळच्या एसटीने परत जाणारी बाई सांगते तेव्हा लोक मान डोलावतात, पण करत नाहीत. मग गावांनी आपापल्यातली एक बाई निवडायची ठरलं. बहुतेक जणी निरक्षर, कित्येक दलित, काही टाकलेल्या, काही विधवा. त्या दर आठवड्याला जामखेडला जाऊन शिकायच्या. गरोदर बाईची काळजी, जुलाब झालेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी, बाळाचं वजन. परत आल्या की गावात सांगायच्या, तेही आपल्या बोलीत. त्यांच्या पाठीशी गावातलं शेतकरी मंडळ आणि महिला मंडळ उभं राहिलं. तिथं जन्मलेल्या हजार बाळांमागे पहिल्या वर्षात सुरुवातीला १७६ दगावत होती. वीस-पंचवीस वर्षांत तो आकडा विसाच्या आसपास आला. मोठं हॉस्पिटल बांधून हे झालं नाही. पाणी, शेती, बायकांची बचत, जातीचा प्रश्न आणि औषध हे सगळं एका धाग्यात ओवलं, तेव्हा झालं.

१९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातल्या अशा कामांवर पुस्तक काढलं, त्यात जामखेड होतं. १९७८ साली आल्मा-आटाला सगळ्या देशांची परिषद झाली. आरोग्य हे एकट्या आरोग्य खात्याचं काम नाही, त्यात शेती, शिक्षण, घरबांधणी, पाणी ही सगळी खाती आणि खुद्द लोक सामील पाहिजेत, असं तिथं मान्य झालं. पुढच्याच वर्षी आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आणि २००५ मध्ये देशभर 'आशा' नेमायला सुरुवात झाली, ती कल्पना याच वाटेवरची. आज आपल्या दारात येणाऱ्या आशाताईंना आपण "मॅडम, नंतर या" म्हणून परत पाठवतो, तेव्हा त्या कुठल्या परंपरेतून आल्या आहेत, एवढं तरी मनात असू द्या.

लोकांना सोबत न घेता आरोग्याचं काम केलं तर काय होतं, तेही महाराष्ट्राने पाहिलंय. १८९७ ची पुण्यातली प्लेगची साथ. रँडच्या हाताखाली सोल्जर घरोघर घुसले, माणसं ओढून नेली, सामान फेकलं. साथ खरी होती, रोगी वेगळे ठेवायलाही हवे होते. पण रीत अशी की लोक आजारी माणूस लपवू लागले. शेवटी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच साथीत, त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांना मुलगा यशवंतच्या दवाखान्यात आणत होत्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. रोग एक, शहर एक. एकाकडे हुकूम होता, दुसरीकडे हात होता.

आणि जमून आलेलं उदाहरण म्हणाल तर पोलिओचं. १९९५ ला पल्स पोलिओ सुरू झालं. बूथवर कोण असायचं आठवा. आरोग्य खात्याची नर्स, अंगणवाडीताई, शाळेचे शिक्षक, रोटरीवाले, गल्लीतली पोरं. एसटी स्टँडवर, रेल्वे स्टेशनवर, वीटभट्टीवर डोस. काही ठिकाणी लोकांच्या मनात शंका होत्या, तिथं मशिदीतून मौलवींनी सांगितलं. शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला सापडला आणि २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. हे कुठल्या एका खात्याला जमलं नसतं.

सोलापूरला सहकार शिकवायची गरज नाही. आपल्या शहरात सहकारी तत्त्वावर चालणारी मोठी रुग्णालयं आहेत, मार्कंडेय आहे, अश्विनी आहे. चीनमध्ये जाऊन जखमी सैनिकांची सेवा करता करता १९४२ साली वयाच्या बत्तिसाव्या वर्षी गेलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्याच गावचे. इथं गिरणी होती, माग आहेत, विडी आहे. तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी सगळं एकाच गल्लीत बोललं जातं. मागच्या वस्तीत मराठीतला पत्रक वाटून उपयोग नाही, हे आशाताईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. त्या तेलुगूत बोलल्या आणि पाच मिनिटांत बायका हसायला लागल्या, झाकणं शोधायला लागल्या.

आता बीपी-शुगर. सेक्रेटरीसाहेब, आले बघा तुमच्या विषयावर. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची रक्तदाब आणि साखरेची तपासणी व्हावी, असा सरकारी कार्यक्रम आहे आणि नागरी आरोग्य केंद्रात ती मोफत होते. आपल्यातले कितीजण गेलेत? आपण म्हणतो, आमचा फॅमिली डॉक्टर आहे. बरोबर आहे. पण बीपी दुखत नाही, म्हणून कुणी जात नाही. दुखतं तेव्हा लकवा झालेला असतो. आणि आपल्या ए विंगमध्ये आज कितीतरी घरांत आजी-आजोबा एकटे आहेत, मुलं पुण्याला, बंगळुरूला, परदेशात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आपण त्यांच्या नावांची यादी केली होती, कुणाला कुठली गोळी लागते, कुणाच्या मुलाचा नंबर काय. ती यादी आज कुठं आहे? ऑफिसच्या कपाटात. साथ गेली, पण म्हातारपण गेलं नाही ना!

टीबीचंही तेच. आपल्या भागात मागावर काम करणारे आहेत, विडीची पानं कापणाऱ्या बायका आहेत, छोट्या खोल्या, हवा कमी. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासायची, औषध सहा महिने चुकवायचं नाही, औषध फुकट आहे आणि पोषणासाठी सरकार दरमहा १००० रुपये खात्यात देतं. आणि आपल्यासारख्यांना 'निक्षय मित्र' होऊन एखाद्या रुग्णाला पोषणाचं पाकीट देता येतं. डाळ, शेंगदाणे, तेल. आपल्या गणेशोत्सवाच्या एका दिवसाच्या डेकोरेशनच्या खर्चात हे किती महिने होईल, याचा हिशोब खजिनदारांनी करावा.

तर आता कामाचं बोलते. प्रत्येकाच्या हातात काहीतरी आहे. महापालिकेकडे अळीनाशक आहे, तपासणी आहे, पाण्याचं वेळापत्रक आहे. पाणी कधी येणार हे आदल्या दिवशी नक्की कळलं तर वस्तीतली बाई सगळी पिंपं एकदम भरून ठेवणार नाही. आशाताईंकडे घरांची ओळख आहे. त्यांच्या हाताखाली महिला आरोग्य समिती असते, पन्नास ते शंभर घरांमागे एक. शाळेकडे मुलं आहेत, आणि मुलाने घरी सांगितलं की बाप ऐकतो. आपल्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे पहिली खबर असते. एका आठवड्यात तापाचे चार पेशंट आले की त्यांनी नुसतं औषध न देता केंद्राला कळवावं. औषध दुकानदाराने तापावर ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन मागणाऱ्याला थांबवावं, कारण डेंग्यूत त्याने रक्तस्राव वाढू शकतो. पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी, आणि लगेच डॉक्टर. प्रत्येकाच्या हातात एकेक तुकडा आहे. तुकडे जोडणारा मात्र कुणी नाही. ते काम रहिवाशांचं आहे, कारण खात्यातला माणूस बदलून जातो, आपण इथंच राहतो.

आपल्या हातात काय आहे? आपल्याकडे एक हॉल आहे. पंखे, लाईट, बाथरूम, पाणी असलेला, महिन्यातले बहुतेक दिवस कुलूप असलेला हॉल. मागणी साधी आहे : महिन्यातून एक सकाळ हा हॉल लसीकरणाला आणि बीपी-शुगर तपासणीला द्यावा. सोसायटीच्या लोकांसाठी आणि वस्तीतल्या लोकांसाठी, एकाच रांगेत. आज वस्तीतल्या लेकुरवाळ्या बायका उन्हात उभ्या राहून बाळाला डोस देतात. चाळीस-बेचाळीस डिग्रीचं आपलं ऊन. हा विषय गेल्या वार्षिक सभेत आला होता आणि 'पुढच्या सभेत बघू' म्हणून ठेवला गेला.

ज्यांनी विरोध केला त्यांच्याबद्दल मला राग नाही. त्यातले दोघं माझ्या शेजारचेच आहेत, आज सकाळी त्यांच्याच घरी मी चहा प्याले. त्यांचे मुद्दे ऐकण्यासारखे आहेत. पहिला, सुरक्षा. बाहेरची माणसं आत येणार. मान्य. पण ती कोण आहेत? आपल्या घराच्या किल्ल्या ज्यांच्याकडे असतात त्या मावशी, आपलं दूध आणणारा, आपली गाडी धुणारा. हॉलला रस्त्याकडून वेगळं दार आहे, तेवढंच उघडायचं. दुसरा मुद्दा, खर्च. सफाई आणि वीज. त्यासाठी नाममात्र रक्कम ठरवा, मी आणि आणखी पाच-सहाजण ती वर्गणीतून देऊ, सोसायटीच्या फंडाला हात लावायचा नाही. तिसरा मुद्दा, आज हे दिलं की उद्या कुणीही हॉल मागेल. मग ठरावातच लिहा : फक्त आरोग्यासाठी, फक्त सरकारी आरोग्य केंद्राच्या सत्रासाठी, एक वर्षाच्या बोलीवर. वर्षाने सभेत हिशोब मांडू, नको वाटलं तर बंद करू. चौथा मुद्दा कुणी उघड बोललं नाही, तरी तो सगळ्यांना कळतो. एकाच बाकावर बसायचं का? त्याचं उत्तर जामखेडच्या बोअरवेलने पन्नास वर्षांपूर्वी देऊन ठेवलंय.

हॉलसोबत आणखी दोन गोष्टी. एक, दर रविवारी सकाळी नऊ वाजता कोरडा दिवस. प्रत्येक विंगचे दोन मुलगे, दोन मुली, आणि वस्तीतले तेवढेच. आपली पोरं वस्तीतली पिंपं बघतील, वस्तीतली पोरं आपली गच्ची आणि लिफ्टचा खड्डा बघतील. दुसऱ्याचं बघताना दोष लवकर दिसतो हे आपल्याला ठाऊकच आहे, त्याचा उपयोग करून घेऊ. दोन, ए विंगची ती यादी कपाटातून काढायची. प्रत्येक एकट्या ज्येष्ठामागे एक शेजारी, रोज एक हाक. "काकू, गोळी घेतली का?" एवढंच.

नवरात्रात रूपाभवानीच्या दर्शनाला आपण रांगेत उभे राहतो. कोजागिरीला आपली पोरं तुळजापूरला चालत जातात, वाटेत अनोळखी माणसं पाणी देतात, पाय चोळून देतात, कुणी कुणाचं घर-गल्ली विचारत नाही. ती माणुसकी आपल्याकडे आहेच. ती एका रात्रीपुरती न ठेवता रविवारच्या सकाळीही वापरायची, एवढंच माझं म्हणणं.

चेअरमनसाहेब, पुढच्या महिन्यात सभा आहे. हॉलचा ठराव मी लिहून दिला आहे, त्यावर सूचक म्हणून माझी सही आहे. अनुमोदकाची जागा मुद्दाम मोकळी ठेवली आहे. कागद दारापाशी टेबलावर ठेवलाय, पेनसुद्धा. ज्यांना सही करायची आहे त्यांनी करावी. ज्यांना शंका आहेत त्यांनी जेवणाच्या पंगतीत मला गाठावं, मी शेवटच्या पंगतीला बसणार आहे. रविवारी नऊ वाजता मी टॉर्च घेऊन बी विंगच्या लिफ्टपाशी असेन.

सगळ्यांना रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा. तब्येतीला जपा, शेजाऱ्यालाही जपा.